डोहातला म्हातारा कुणी धरला?

भाऊबीजेला दत्तोबा बहिणीकडे येत, पाटावर बसत, ओवाळून घेत, पोटभर जेवत, आणि बासुंदीची दुसरी वाटी संपली की मिशीवरून हात फिरवून तो विषय काढत. आनंदीबाईंच्या लग्नाला पन्नास वर्षं होऊन गेली, पण यात एकदाही खंड पडला नव्हता. करोनाच्या वर्षी येता आलं नाही, तेव्हा दोघं फोनवर भांडले होते.

बिबवेवाडीतल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात सगळ्यांना तो क्षण नेमका कळायचा. आनंदीबाईंचा मुलगा रविराज बाल्कनीत जाऊन झाडांना पाणी घालायला लागायचा. सकाळीच घातलेलं असलं तरी. सून दीपमाला भांडी घासायला उठायची, भांड्यांना बाई येणार असली तरी.

"तर काय सांगत व्हतो," दत्तोबांनी याही वर्षी सुरुवात केली, "डोहातला म्हातारा मी धरला तवा माझं वय अकरा."

"तू धरलास?" आनंदीबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. "अण्णा, आत्ताच ओवाळलंय तुला. खोटं बोलायला निदान उद्यापर्यंत तरी थांबायचं."

म्हातारा म्हणजे मासा. मुंढव्याला गावाच्या खालच्या अंगाला नदीत एक डोह होता, म्हसोबाचा डोह म्हणायचे त्याला. त्या डोहात एक भला थोरला महाशीर राहायचा. त्याची खवलं बंद्या रुपयाएवढी होती आणि ओठ जाडजूड. कितीतरी भोयांची जाळी त्यानं फाडली होती, कितीतरी गळ सरळ करून दिले होते. पानशेतच्या पुरात अख्खी नदी उलटीपालटी झाली, काठावरची घरं वाहून गेली. पण पाणी ओसरल्यावर आठ दिवसांत म्हातारा पुन्हा डोहात दिसला. पुराच्या दुसऱ्या वर्षी, थंडीच्या दिवसांत, दत्तोबा आणि आनंदीबाईंच्या घरानं तो धरला. इथपर्यंत दोघांचं एकमत होतं. घरातल्या कुणी धरला, यावर मात्र पन्नास वर्षं वाद होता.

"माझ्या गळाला लागला," आनंदीबाई म्हणाल्या.

"माझ्या जाळ्यात आला."

"तुझ्या जाळ्यात बेडूक यायचे."

आनंदीबाईंची नात ऋतुजा सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती. खराडीच्या एका कंपनीत ती कॉम्प्युटरवर काम करायची. इतकी वर्षं हे भांडण तिनं कानाआड केलं होतं, पण आज तिला लहर आली. ती म्हणाली, "वेट, वेट. दोघंही थांबा. आजी, तू बेडरूममध्ये जा. अण्णाआजोबा, तुम्ही इथेच. मी दोघांचं वेगवेगळं रेकॉर्ड करते. मग बघू कोण खरं बोलतंय."

"पोलीस हाय का काय तू?" दत्तोबा म्हणाले, पण सरसावून बसले. आपलं बोलणं कुणीतरी जपून ठेवणार म्हटल्यावर त्यांनी घसाही साफ केला.

दत्तोबांचं म्हणणं असं, की ते डोहाच्या कडेच्या दगडावर वडिलांचं, म्हणजे आबांचं, जाळं घेऊन उभे होते. पाण्यात काहीतरी जोरात तडफडताना दिसलं. त्यांनी जाळं फेकलं, ते पसरून पडलं, आणि ओढायला गेले तर पोत्याएवढं जड. "मग?" ऋतुजानं विचारलं. "मग काय? मासा काठावर. आई म्हनतीया, शाब्बास रं माझ्या वाघा."

आनंदीबाई बेडरूममध्ये पलंगाच्या कडेला बसून बोलल्या. मी गळ टाकून बसले होते. दोरी मनगटाला गुंडाळलेली. एकदम असा हिसका बसला की खांदा निखळतोय असं वाटलं. मी पाय रोवले, ओढलं. "मग?" "मग मासा काठावर. आणि आई म्हणतेय, धरलास गं बये."

ऋतुजानं दोन्ही रेकॉर्डिंग सगळ्यांना ऐकवली. बाल्कनीतून रविराजसुद्धा आत आला. "दोघांचंही मधलं रीळ गायब आहे," तो म्हणाला. "ओढलं, आणि एकदम मासा काठावर. मध्ये काय झालं?"

 दोघांनाही मधलं काही आठवत नव्हतं हे खरंच होतं, आणि इतक्या वर्षांत ते कुणी विचारलंही नव्हतं.

"मध्ये काही न्हाई," दत्तोबा जरा घुश्शात म्हणाले. "मासा तात्यारावांच्या काहिलीत घालून घरी आणला, बास."

"तात्याराव कोण?"

"गावातले बागायतदार. गुऱ्हाळ व्हतं त्यांचं. गूळ करायची ती मोठी कढई, काहील, जुनी झाली की त्यात बसून नदी वलांडायचे लोक. नाव कशाला हवी?"

"म्हणजे तिथे तिसरा माणूस होता!" ऋतुजा ताडकन उठली. "आणि तुम्ही हे आत्ता सांगताय?"

"ते कधीच गेले असतील गं," आनंदीबाई म्हणाल्या. "माझ्या लग्नात त्यांचे केस पांढरे व्हायला लागले होते."

"तात्याराव, मुंढवा," ऋतुजा स्वतःशीच पुटपुटली. "अगं आजी, मी रोज ऑफिसला जाताना चौकात फ्लेक्स बघतेय महिनाभर. फेटा बांधलेले, गॉगल लावलेले एक आजोबा. 'आमचे आधारवड तात्याराव यांना नव्वदाव्या वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा.' आणि खाली चाळीस लोकांचे फोटो!"

पुढच्या रविवारी दोघं भाऊबहीण आणि ऋतुजा मुंढव्याला निघाली. फ्लेक्सवर शुभेच्छुकांपैकी एकाचा नंबर होता, तो तात्यारावांचा पणतू निघाला. ऋतुजानं त्याला फोन करून वेळ घेतली होती.

कॅबमध्ये आनंदीबाई खिडकीशी बसल्या. माहेराला यायचं त्यांनी कधीच सोडलं होतं. माहेर राहिलंच नव्हतं तिथं. त्यांच्या लहानपणी नदीकाठी भोयांची नऊ घरं होती, कुडाची, आणि घरांपुढं बांबूंवर जाळी वाळत घातलेली. सकाळी उठून बाहेर आलं की पहिल्यांदा जाळ्यांतून सूर्य दिसायचा, लहान लहान चौकोनांत कापलेला. आबा कमरेइतक्या पाण्यात उभे राहून जाळं फेकायचे. ते हवेत गोल उघडायचं, आणि कडेच्या शिशाच्या गोळ्या पाण्यावर पडताना सर्रकन आवाज यायचा. तो आवाज ऐकून आई चुलीवर तवा ठेवायची. मासा मिळाला की नाही हे बघायच्याही आधी.

पोहायला शिकवायची आईची रीत एकच. दोन सुकलेले दुधी भोपळे पाठीला बांधायचे आणि पाण्यात ढकलायचं. महिन्याभरानं न सांगता एक भोपळा काढून घ्यायचा. आणखी महिन्यानं दुसरा. आनंदीला दुसरा भोपळा काढल्याचं कळलंच नव्हतं. पाठीवर आहे असं समजून ती पलीकडच्या काठाला जाऊन आली होती. आईनं परत आल्यावर तिला रिकामी दोरी दाखवली आणि दोघी काठावर बसून पोट धरधरून हसल्या होत्या.

उन्हाळ्यात पाणी आटलं की काठच्या वाळूत कलिंगडं लावायची, काकड्या लावायच्या. पावसाळ्यात खेकडे. थंडीत सकाळी आई माशांची पाटी डोक्यावर घेऊन गावात फिरायची. आनंदी तिच्या मागं. "मरळ घ्या, वाम घ्या," आई ओरडायची, आणि कुणी मासा शिळा म्हणाली की पाटीतला एखादा जिवंत मासा उचलून तिच्या अंगणात सोडायची. तो उड्या मारायचा. "हा घ्या शिळा," आई म्हणायची. "धरून दाखवा." पाटीत उरलेले बारके मासे घरी येऊन पोरं मीठ लावून बाभळीच्या काटक्यांवर भाजायची. बोटं पोळायची, तोंड पोळायचं, आणि शेवटच्या माशावरून अण्णाशी मारामारी व्हायची.

मग शहर वाढलं, त्याचं सगळं सांडपाणी नदीत यायला लागलं. आधी पाण्याचा रंग गेला, मग माशांची चव. कालवणाला रॉकेलचा वास यायला लागला. गावातल्या बायका पाटी बघून दार लोटून घ्यायला लागल्या. आबांनी एक दिवस जाळं स्वच्छ धुतलं, वाळवलं, घडी घालून आढ्याला टांगलं, ते पुन्हा काही खाली काढलं नाही. दत्तोबा हडपसरला एका कारखान्यात लेथवर लागले आणि पुढं भोसरीला राहायला गेले. आनंदी लग्न होऊन बिबवेवाडीला आली. नवरा मार्केट यार्डात एका गाळ्यावर कामाला होता. नऊ घरांची नऊ तोंडं नऊ दिशांना झाली.

"आजी, रडतेयस?" ऋतुजानं विचारलं.

"छे गं. भाजलेल्या माशांचा वास आठवला. तोंडाला पाणी सुटलं."

तात्याराव अकराव्या मजल्यावर राहत होते. ज्या जमिनीवर त्यांचा ऊस होता, तिथंच तो टॉवर उभा होता. ते गॅलरीत आरामखुर्चीत बसले होते. फेटा नव्हता, गॉगल नव्हता. कानाला मशीन होतं आणि नजर चांगली शाबूत.

"नव्वदीचा फ्लेक्स लागला की लोक बघायला येतात," ते म्हणाले. "जिवंत हाय का म्हनून. हाय. बसा. कुनाची तुमी?"

दत्तोबांनी वाकून पायांना हात लावला. "तात्या, मी दत्तू. ज्ञानबा भोयाचा. ही आनंदी."

तात्यारावांनी दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. मग हळूच म्हणाले, "ठकूवहिनीची पोरं?" आणि त्यांचा चेहरा असा उजळला की आनंदीबाईंना एकदम आपण आठ वर्षांच्या आहोत असं वाटलं. कुणी आईच्या नावानं ओळखून किती वर्षं झाली होती!

गॅलरीतून खाली नदी दिसत होती. पाणी असं दिसत नव्हतंच. जलपर्णीची हिरवीगार चादर होती या काठापासून त्या काठापर्यंत. "हितनं वास येत न्हाई," तात्याराव म्हणाले. "म्हनून तर अकरावा मजला घेतला. ते बघा, ते दोन खांब दिसत्यात न्हवं पुलाचे, त्याच्या अलीकडं. तो डोह."

चहा झाल्यावर ऋतुजानं खुर्ची पुढं ओढली आणि फोनवर दोन्ही रेकॉर्डिंग लावली. तात्याराव कानाचं मशीन नीट करत, डोळे मिटून ऐकत होते. दत्तोबांचं संपलं तेव्हा त्यांचे ओठ हलायला लागले होते. आनंदीबाईंचं संपलं तेव्हा ते खांदे गदगदवून हसत होते. इतके, की आतून नातसून पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली.

"काय झालं तात्या?" दत्तोबा म्हणाले. "खोटं कोन बोलतंय त्येवढं सांगा."

"दोघंबी खरं बोलताय. आन् मासा तुमच्यातल्या कुनीच धरला न्हाई."



"थंडीचे दिवस," तात्याराव सांगू लागले. "माझं गुऱ्हाळ चालू. पलीकडनं मजूर आनायला मी जुन्या काहिलीत बसून निघालेलो. तू डोहाच्या कडंला बसलेली, आनंदे. गळाची दोरी मनगटाला बांधलेली."

"गुंडाळलेली होती," आनंदीबाई म्हणाल्या.

"बांधलेली. गाठ व्हती. सांगतो ना. म्हातारा लागला, तू एकदा 'आई गं' म्हनालीस, आन् काठावरनं दिसंनाशी झालीस. बैलानं ओढून न्यावी तशी. हा दत्तू वरच्या दगडावर जाळं घेऊन हुबा. त्याला पान्यात कायतरी तडफडताना दिसलं. यानं फेकलं जाळं."

"माशावर," दत्तोबा म्हणाले. पण आवाजात आता तो जोर नव्हता.

"बहिणीवर."

ऋतुजानं तोंडावर हात ठेवला.

"जन्मात पहिल्यांदा नेम बरोबर बसला तुझा, आन् तो हिच्यावर! अख्खी पोरगी जाळ्यात. म्हनतोस ना, पोत्याएवढं जड लागलं? ते पोतं ही बसलीय बघ समोर." तात्याराव पुन्हा हसले. मग जरा दम घेऊन म्हणाले, "पर एक सांगतो. तू जाळं सोडलं न्हाईस. म्हातारा तिकडं ओढतोय, तू हिकडं, मधी ही. अकरा वर्साचं पोरगं तू. पाय घसरला, शेवाळ व्हतं दगडावर, पान्यात पडलास, तरी दोरी सोडली न्हाईस. तू धरून ठेवलंस म्हनून ही डोहाच्या तळाला गेली न्हाई."

 दत्तोबा आपल्या तळहातांकडे बघत होते. आनंदीबाई भावाकडे बघत होत्या.

"मग?" ऋतुजा म्हणाली. "मधलं रीळ?"

"ठकूवहिनी खालच्या अंगाला गवत कापत व्हती. मी बोंब मारली. मी काहिलीत, आन् काहील कधी सरळ जाती का? हातातल्या फळीनं जेवढं वल्हवावं तेवढी जागच्या जागी फिरती. मी गरागरा फिरतोय, आन् ती बाई माझ्या बाजूनं पान्याखालनं गेली. काष्टा मारलेला, विळा दातांत. पहिल्यांदा हिची दोरी कापली. जाळ्यासकट हिला उचलून माझ्या काहिलीत टाकली. मग ह्याला, केसाला धरून. तुमी दोघं काहिलीत पालथे पडून पानी ओकताय. मला वाटलं, संपलं, आता काठाला जाऊ. तर ती पुन्हा बुडी मारायला निघाली. म्हटलं, वहिनी, आता कुठं? तर म्हनाली, 'माझ्या पोरांना बुडवनारा अजून तितं हाय.'"

  आनंदीबाईंना आईचा आवाज जसाच्या तसा ऐकू आला.

"म्हाताऱ्याच्या तोंडातली दोरी बाभळीच्या मुळीत अडकलेली. त्याला पळता येईना. ती खाली गेली ती बराच वेळ वर आली न्हाई. मी हातातली फळी टाकून देवाचं नाव घ्यायला लागलो. आन् मग वर आली. दोन्ही हात माशाच्या कल्ल्यांत, आन् तोंडानं त्याला शिव्या देतीया. काय शिव्या! मी मराठ्याचा गडी, गुऱ्हाळावर आयुष्य गेलं, पर त्यातल्या दोन मला नवीन व्हत्या."

"केवढा होता हो मासा?" ऋतुजानं विचारलं.

"काहिलीत ही एका बाजूला, हा एका बाजूला, मधी तो. तिघांत धडधाकट तोच दिसत व्हता."

आता आनंदीबाईंना हसू आवरेना.  दत्तोबांनी मात्र विचारलं, "तात्या, मग येवढी वर्सं तुमी बोलला का न्हाई?"

तात्यारावांनी खाली हिरव्या नदीकडे बघितलं.

"तिनं वचन घेतलं. ज्ञानबा मासे घेऊन लष्कराच्या बाजाराला गेलेला. ती म्हनाली, तात्या, ह्यांच्या आबाच्या कानावर गेलं तर तो पोरांना नदीवर जाऊ देनार न्हाई. आन् पोरांच्या मनात पानी बसलं तर? भोयाच्या पोरांना पान्याचं भ्यॅव बसलं तर त्यांनी करायचं काय? आज आपन बुडत व्हतो, हे त्यांच्या ध्यानात राहायला नको. आपन मासा धरला, येवढंच राहू दे." त्यांनी कानाचं मशीन नीट केलं. "मी हो म्हटलं. आता ज्ञानबा गेला, वहिनी गेली, नदीची ही अशी गत. वचन कुनासाठी पाळू? त्यात तुमी हे असलं रेकॉर्डिंग घेऊन आला."

"पण अण्णा," आनंदीबाई सावकाश म्हणाल्या, "आईनं मला चुलीपाशी बसवून सांगितलं होतं. म्हणाली, मासा तुझ्याच गळाला लागला हं. पण अण्णाला बोलू नकोस, पोरगं हिरमुसेल."

दत्तोबांनी झटकन मान वर केली. "काय?"

"शपथेवर. मी माझ्या लग्नापर्यंत बोलले नाही."

"आगं, मला म्हनाली, तुझ्याच जाळ्यात आला, पन आनंदीला सांगू नगंस, रडत बसंल! म्हनून मी तुझ्या लग्नापर्यंत दम धरला! तुझ्या लग्नात पहिल्यांदा बोललो, तर तू हळद लावलेल्या अंगानं माझ्याशी भांडायला उठलीस."

"आणि मी म्हणत होते, हा माणूस एवढा धडधडीत खोटं कसा बोलतो!"

त्यानंतर त्या गॅलरीत जे हसणं सुरू झालं ते काही केल्या थांबेना. दत्तोबा हसता हसता रडले, आनंदीबाई रडता रडता हसल्या, आणि तात्याराव दोघांकडे बघून नुसतेच डोलत राहिले. आतून नातसून पुन्हा डोकावली. ऋतुजानं पुढं होऊन आजीच्या गळ्यात हात टाकला. तिला आजीचा हात हातात घेऊन बघावासा वाटला; या मनगटाला एवढा मोठा मासा लागला होता, आणि आपण रोज या हातानं वाढलेलं जेवून ऑफिसला जातो.

निघायची वेळ झाली तशी तात्यारावांनी आरामखुर्चीचे हात घट्ट धरले आणि उठून उभे राहिले. "मलाबी न्या."

"कुठं?"

"तुमच्या घरी. आज मासा करा. आमची नातसून माळकरी, घरात अंडंसुद्धा येत न्हाई. नव्वद वर्सं झाली, आता मला कुनी पाप-पुण्याचं सांगू नये."

आतून नातसुनेचा आवाज आला, "ऐकू येतंय हं मला." पण मागोमाग ती त्यांची काठी, स्वेटर आणि गोळ्यांची डबी घेऊन आली, आणि ऋतुजाला कुठली गोळी जेवणानंतर द्यायची ते नीट समजावून सांगितलं.

कॅबमध्ये तात्याराव पुढं बसले. मागच्या सीटवर, मुंढव्याचा चौक ओलांडायच्या आतच नवीन भांडण लागलं.

"आईनं आधी मला काढलं असनार," दत्तोबा म्हणाले. "थोरला मी."

"तात्यांनी सांगितलं ना, आधी मला."

"तात्यांचं वय झालं आता. हिकडचं तिकडं व्हतं."

"मी बहिरा झालोय, मेलो न्हाई," पुढून तात्याराव म्हणाले. "आधी तिला. दोरी तिच्या हाताला व्हती. आता गप बसा."

गणेश पेठेतल्या मासळी बाजारात शिरताच दत्तोबांची चालच बदलली. पाठीचा बाक गेला, मान वर झाली. प्रत्येक पाटीपाशी थांबून ते माशाचा कल्ला उचलून बघत, नाक वाकडं करत आणि पुढं जात. एका विक्रेत्यानं उजनीची मरळ पुढं केली. "काका, एकदम ताजी. सकाळी आलीय."

"ताजी?" दत्तोबा म्हणाले. "हिच्यापेक्षा आमचे तात्या ताजे."

शेवटी चौथ्या पाटीवर, पाण्याच्या टबात फिरणारी जिवंत मरळ मिळाली. विक्रेता ती पकडायला गेला तर निसटली, दुसऱ्यांदाही निसटली. आनंदीबाईंनी पदर खोचला, हातातली पर्स ऋतुजाकडे दिली, टबात हात घातला आणि मरळ डोक्यामागून अशी धरली की तिला शेपूट हलवायलाही जागा राहिली नाही. विक्रेता बघतच राहिला. ऋतुजानं फोटो काढला. "आजी, हे तू कधी दाखवलं नाहीस!"

"कुणी विचारलं होतं?" आनंदीबाई म्हणाल्या.

घरी आल्यावर स्वयंपाकघरात दीपमालेला त्यांनी हातही लावू दिला नाही. लसूण पाट्यावरच वाटला. मिक्सर नको म्हणाल्या. चिंचेचा कोळ काढला, भाजलेलं खोबरं, लाल तिखट. कालवणाला पहिली उकळी आली तसा वास जिन्यापर्यंत गेला. हॉलमध्ये तात्याराव रविराजला सगळी हकीकत पहिल्यापासून सांगत होते, आणि रविराज टीव्ही बंद करून, मांडीवर हात ठेवून, लहान मुलासारखा ऐकत होता. मध्येच तो स्वयंपाकघराच्या दारात आला. "आई, आजी विळा दातांत धरून पोहली?"

"पोहली."

"आणि आम्हाला ही आजी नुसती अंगाई म्हणणारी माहीत!"

सात वाजता सगळे जेवायला बसले. तात्यारावांना खाली बसवेना, म्हणून त्यांच्यासाठी टेबल पुढं ओढलं. बाजरीची भाकरी, मरळीचं कालवण, कच्चा कांदा. पहिला घास तात्यारावांनी घेतला. सगळे त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी सावकाश चावला, काटा बोटानं काढून ताटाच्या कडेला ठेवला, डोळे मिटले.

"म्हातारा शिजवला तवा ठकूवहिनीनं नऊ घरांत वाटी धाडली व्हती," ते म्हणाले. "माझ्याकडं एक परात आली. तसली चव न्हाई."

आनंदीबाईंचा चेहरा पडला. दत्तोबा म्हणाले, "तात्या, निदान खोटं तरी बोला."

"खोटं कशाला बोलू? तसली चव न्हाई." तात्यारावांनी ताट पुढं केलं. "पर तिच्याच घरची हाय, हे कळतंय. वाढ अजून. डोकं मला वाढ, त्या दत्तूला देऊ नगंस."

"डोकं मी खाणार," दत्तोबा म्हणाले. "मरळ मी निवडली."

"धरली मी," आनंदीबाई म्हणाल्या, आणि डाव उचलून डोकं तात्यारावांच्या ताटात वाढलं.